करंगळी कुठं ठेवायची

परवा बालवाडी सुटल्यावर नदीकाठच्या वाटेनं घरी येत होते, तर किल्ल्याखालच्या खळ्यावर कुणीतरी भात झोडत होतं. धप्. मधे एक श्वास. पुन्हा धप्. माझी उजवी मूठ आपोआप वळली. बरोबर शेजारची हौसा होती, ती म्हणाली, "बाई, कुनावर येवढा राग?" मी म्हटलं, "कुणावर नाही गं, सुगी आली." ती खो खो हसली. तिला वाटलं, मी चेष्टाच केली.

सुगी म्हटलं की लोकांना नव्या तांदळाचा वास येतो. लिहिणाऱ्यांना तर हमखास येतो. मला येतो तो रक्ताचा, खोटं कशाला बोलू? विळ्यानं कापलेल्या बोटांचा, काट्याकुट्यांनी सोललेल्या पोटऱ्यांचा. माझं माहेर भुशीच्या वरच्या अंगाला, इथून दिवसभराच्या वाटेवर. तिथं पाऊस चार महिने माणसाला झोडपतो, आणि पाऊस गेला की माणसं भाताला झोडपतात. पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायची आणि फळीवर आपटायची. मग पेंढ्यात अडकून राहिलेले दाणे काढायला दोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि काठ्यांनी बडवायचं, एकदा तू, एकदा मी. चुकलं तर काठी समोरच्याच्या हातावर. दरवर्षी कुणाचं ना कुणाचं बोट सुजायचंच. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

मी सांगते आहे ती सुगी पानशेत फुटलं त्या सालची. पुण्याला जाऊन आलेली माणसं चिखलानं भरलेल्या घरांच्या गोष्टी सांगायची आणि सांगता सांगता चिडायची. कुणावर चिडायची ते त्यांनाही माहीत नसावं. सगळ्या हवेतच त्या वर्षी एक खुन्नस होती. आमचे आबा घाटात गँगमन होते. दिवसभर रुळाखालची खडी ठोकायची, घण घालायचा, बोगद्यात गाडी शिरली की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. घरी आले तरी त्यांचा हात थांबायचा नाही. भाकरी करपली म्हणून आईला, गुरं उशिरा आणली म्हणून दादाला, उलट बोलते म्हणून मला. आई मला फुंकणीनं मारायची. मी शेळीला मारायची. शेळीला मारायला कुणी नव्हतं, म्हणून ती खांबाला धडका द्यायची.

अशा घरात गिटार आली.

दादा म्हणजे माझा भाऊ दत्तू, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत दुधाचा रतीब घालायचा. तिथं एक गार्डसाहेब राहायचे, गोव्याकडचे, एकटेच. ड्यूटी नसली की सकाळी पायरीवर बसून गिटार वाजवायचे. दादा रिकामी चरवी घेऊन ऐकत उभा राहायचा आणि घरी उशीर झाला म्हणून मार खायचा. साहेबांनी नवी गिटार घेतली तेव्हा जुनी, पोटाला चीर गेलेली, त्यांनी दादाला दिली आणि तीन कॉर्ड शिकवले. कॉर्ड म्हणजे डाव्या हाताच्या बोटांनी दोन-तीन तारा ठरल्या जागी एकदम दाबायच्या आणि उजव्यानं सगळ्या तारा छेडायच्या. त्यातून एक सूर निघत नाही, सुरांची मोळी निघते.

दादा आठ दिवस नुसत्या मोळ्याच टाकत होता. झँग, झँग, झँग. आबा घाटात गेले की गोठ्याच्या माळ्यावर चढायचा आणि सुरू. माझं डोकं उठलं. मी खालूनच ओरडले, "आरं, ह्यात गानं कुटंय?"

"गानं तोंडानं म्हनायचं आसतं. हे खालनं धरायचं."

"मंग तोंड फुटलंय का तुजं?"

त्यानं वरून गवताची पेंढी माझ्या डोक्यात घातली. मी शिडीनं वर गेले, त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि गिटार ओढली. अशी आमची संगीताची सुरुवात.

चाल माझ्याकडं होती. आई पहाटे दळताना एक ओवी म्हणायची. चार-पाचच सुरांची चाल. वर जाते, जरा रेंगाळते आणि पुन्हा घरी येते. जात्याचा दुसरा खुंटा माझ्या हातात असायचा, त्यामुळं ती चाल माझ्या दंडातच बसली होती. आम्ही गिटार उपड्या पाटीवर आडवी ठेवली. दादा मानेकडं बसला. डाव्या हातानं कॉर्ड धरायचा आणि उजव्या अंगठ्यानं जाड तारांवर ठोका द्यायचा. मी पोटाकडं बसले. एका बोटानं बारीक तार, मानेवरच्या पट्ट्यांमधल्या ठरल्या घरात, दाबायची आणि दुसऱ्या हातानं ती छेडायची. त्याचा ठोका पडला की माझा सूर. एका गिटारीवर चार हात.

आता हसू येतं. पण आम्हाला ते चुकीचं वाटलंच नाही. आमच्याकडं जात्याला दोघी, उखळाला दोघी, झोडणीला समोरासमोर दोघं. एकट्यानं करायचं काम म्हणजे फक्त मरण. तेव्हा ही वस्तूही दोघांचीच असणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. साहेब एकटे वाजवायचे ते त्यांना बिचाऱ्यांना कुणी नव्हतं म्हणून, असं दादाचं मत.

वाजवणं कमी आणि हाणामाऱ्या जास्त. तो कॉर्ड बदलायला उशीर करायचा, मी त्याच्या मनगटावर चापट मारायची, तो मला लाथ घालायचा. बोटांची टोकं तारांनी फाटली होती. त्यावर आम्ही चुन्याची निवळी लावायचो आणि पुन्हा बसायचो. आणि एक दिवस दुपारी ती चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत निघाली. खाली आई शेणाचे हात घेऊन उभी होती. वर बघून म्हणाली, "आगं माजी ओवी ह्या डबड्यात कुनी कोंबली?" आणि ती खाली बसली. तशीच, मातीत, हात न धुता. दिवसाउजेडी आई नुसती बसलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

त्याच महिन्यात माझं लग्न ठरलं. स्थळ इथलं, इंदुरीचं. सुगी उरकली की तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. मुलगा शिकलेला, घर बरं, सगळे खूश होते. मीही नाखूश नव्हते. पण मला एक गोष्ट लख्ख कळत होती. मी गेले की आईच्या जात्याला शेजारीण बसेल, पाणी उद्या येणारी वहिनी आणेल, शेळीला मारायला कुणीही मिळेल. माझ्यावाचून अडेल अशी एकच गोष्ट त्या घरात होती. मी नसले की गिटारीतून नुसत्या मोळ्या पडतील, चाल निघणार नाही. कुणीतरी म्हणेल, अंजी हवी होती. एवढंच मला हवं होतं. जास्त काही मागितलं का मी?

नवरात्र झालं आणि आम्ही साहेबांना वाजवून दाखवायला गेलो. त्यांच्या ओट्यावर पाटी उपडी घातली, समोरासमोर बसलो आणि सुरू केलं. ते आधी गप्प ऐकत होते. मग एवढे हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे बाबा, एक गिटारको दो आदमी? हे एका माणसाचं काम आहे. हे बघ, कॉर्ड म्हणजे भात. चाल म्हणजे करी. एकाच ताटात, एकाच हातानं जेवायचं, मॅन."

त्यांनी आपली नवी गिटार मांडीवर घेतली आणि दाखवलं. तोच कॉर्ड. अंगठा जाड तारेवर, ठोक्याला एकदा. पहिली दोन बोटं बारीक तारांवर. चालीचे बहुतेक सूर त्या धरलेल्या कॉर्डमधेच लपलेले असतात, ते नुसते वरच्या बाजूला वाजले पाहिजेत. "आणि जो सूर कॉर्डमधे नाही," ते म्हणाले, "तिथं ही." त्यांनी डाव्या हाताची करंगळी हलवली. "सगळ्यात बेकार बोट. पण गाणं हीच बोलते."

त्यांनी आमच्या आईची ओवी, एकदा ऐकून, एकट्यानं वाजवली. खाली ठोका, वर चाल. दादा तोंड उघडं टाकून बघत होता. मी आमची पाटी उचलून काखेत मारली.

परतीच्या वाटेवर भुशी धरणाच्या भिंतीपाशी आल्यावर मी म्हटलं, "आपन आपलंच वाजवायचं. दोगांचं."

"व्हय," दादा म्हणाला. पण माझ्याकडं बघितलं नाही.

मग कापणीला तोंड लागलं आणि माणसं पिसाळली. आमच्या खाचरात रानडुकरं घुसायची. एका पहाटे ठाकरवाडीतल्या आणि आमच्या आळीतल्या माणसांनी मिळून एका डुकराला ओढ्याच्या कपारीत कोंडलं. भाले होते, कुऱ्हाडी होत्या, आबांच्या हातात रेल्वेची पहार होती. डुक्कर मेल्यावरही माणसं मारतच होती. मी बांधावर उभी होते. किळस आली म्हणावं तर आली नाही. मीही दगड मारला आणि तो लागला तेव्हा बरं वाटलं. हेही सांगितलं पाहिजे, कारण पुढचं त्यातूनच आलं असं मला वाटतं. हाताला एकदा ती सवय लागली की हात जागा शोधतो.

झोडणीचा तिसरा दिवस. दुपारची भाकरी खाऊन सगळी सावलीला आडवी झाली होती. दादा दिसेना. मी काठी घेऊन खळ्यावर एकटीच उभी होते, कारण समोर बडवायला तोच असायचा. आणि भाताच्या रचून ठेवलेल्या उडवीमागून आवाज आला. ठोका. जाड तारेचा, अंगठ्याचा. आणि त्याच्यावर आईची ओवी.

मी उडवीला वळसा घालून गेले. तो पेंढ्याला टेकून बसला होता, गिटार मांडीवर, मान खाली, जीभ दातात धरलेली. अडखळत होता. पण सगळं होतं, भातही आणि करीही. चाल वर गेली, रेंगाळली, आणि जिथं ती पुन्हा घराकडं वळते तिथं त्यानं करंगळी लांब केली आणि अगदी बरोबर जागी ठेवली. सूर असा स्वच्छ निघाला की माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी तळपायाची आग मस्तकात गेली. चोर! माझी चाल, माझ्या आईची चाल, माझ्या दंडातून काढून घेतली आणि मला सांगितलंही नाही.

मी काठी उचलली आणि मारली.

लोक म्हणतात रागात काही दिसत नाही. साफ खोटं. मला सगळं दिसत होतं. त्याची चारही बोटं, कुठली कुठल्या तारेवर. मी करंगळीच बघून मारली.

तार तुटली, ती त्याच्या गालाला लागली. बोट मानेच्या लाकडावर चेपलं होतं. तो ओरडला नाही. त्यानं आधी बोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. तेवढ्यात आबा आले. "काय झालं रं?"

भावावर काठी उगारली हे आबांना कळतं तर त्यांनी मला तिथंच लोळवली असती. इंदुरीपर्यंत गेलं असतं तर लग्न मोडलं असतं.

"झोडताना लागलं," दादा म्हणाला. "मीच हात मधी घातला."

गिटार त्यानं पेंढ्यात सरकवली होती. आबांनी त्याच्या कानाखाली वाजवली. "डोळं फुटलं हुतं का?" म्हणाले आणि परत सावलीला गेले.

हाडवैद्यानं बांबूच्या काड्या बांधल्या, हळद आणि अंड्याचा लेप दिला. त्याच्याकडून येताना आम्ही दोघंच होतो. उन्हं उतरली होती. दोन्ही बाजूंच्या खाचरांतून धप् धप् चाललं होतं आणि प्रत्येक धप्‌ला दादाचा चेहरा आवळायचा. मला राहवेना. मी म्हटलं, "दादा, तू मला शिकवायलाच शिकत हुतास ना? म्या सासरी एकटी पडंन म्हनून?"

म्हणजे खोटंसुद्धा मीच त्याच्या हातात तयार करून दिलं. त्यानं नुसतं व्हय म्हणायचं होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "तुजी गरज लागू न्हाई म्हनून शिकत हुतो. तू जानार. मंग मी काय करू? हितं बसून झँग झँग?"

मला त्याला पुन्हा मारावंसं वाटलं, आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. दोन्ही एकदमच. मी दोन्हीतलं काही केलं नाही. पुढं चालत राहिले.

बोट जुळलं, पण आकडा होऊन जुळलं. लांब होईना, दाबेना. मजा बघा, कॉर्डला करंगळी लागत नाही. तीन बोटांत ते तीन कॉर्ड आरामात बसतात. त्यामुळं दादाकडं मोळ्या राहिल्या आणि चाल गेली. मला हवं होतं तेच झालं की. त्या घरात माझ्यावाचून अडलं. तुळशीचं लग्न झालं, माझं झालं, मी हळदीच्या अंगानं गाडीत बसले आणि गिटार माळ्यावर टांगलेली राहिली.

पंधरा वर्षं. माहेरी सणावारी जात होते. दादा बोलायचा, मुलांची चौकशी करायचा, निघताना तांदळाची पिशवी हातात द्यायचा. ती गोष्ट मात्र कुणी काढली नाही. आबा गेले, दोन वर्षांपूर्वी आई गेली. बालवाडीतल्या पोरांवर मी कधी हात उचलत नाही. लोक म्हणतात, बाईंचा स्वभाव गरीब. कसला गरीब! मला माझा हात माहीत आहे. म्हणून मी तो पाठीमागं धरून शिकवते. आणि दुपारी एकटी असले की फुंकणी डाव्या हातात धरते, तिच्यावर चार बोटं ठेवते, त्या दिवशी दादानं ठेवली होती तशी. आवाज येत नाही. पण बोटं चुकत नाहीत.

परवा झोडणीचा आवाज ऐकून घरी आले तर दादाचं कार्ड आलेलं. चार ओळी. "नंदीला गिटार काढून दिली. तीन कॉर्ड येतात. चाल मला दाखवता येत नाही. सुगीला ये." नंदा म्हणजे त्याची मुलगी, दहा वर्षांची. त्यानं मला मुद्दाम बोलावलं, असं पंधरा वर्षांत पहिल्यांदा झालं. मी दुसऱ्याच दिवशी निघाले.

नंदा अंगणात गिटार मांडीवर घेऊन बसली होती. पाटीवर नाही, मांडीवर. पोटाच्या चिरेला डांबर लावलेलं. दादा शेजारी दोरी वळत होता, आकडा झालेली करंगळी बाजूला ठेवून. पलीकडच्या खळ्यावर शेजाऱ्यांचं झोडणं चाललं होतं. मी पोरीला अंगठा शिकवला, दोन बोटं शिकवली. तिचा हात हलका होता, पटापट उचलत होती. चाल वर गेली, रेंगाळली, आणि वळणावर आली तेव्हा अडली.

"हितं आप्पा बी आडतात," ती म्हणाली. "करंगळी मोडली ना त्यांची. झोडताना."

दादा दोरीकडं बघत म्हणाला, "व्हय. झोडतानाच."

पंधरा वर्षं ते वाक्य त्यानं माझ्यासाठी सांभाळलं होतं. मीही गप्प बसले असते तर कुणाचं काही अडत नव्हतं. पण समोर पोरगी माझ्या हाताकडं बघत होती, हा हात आता काय दाखवतो म्हणून.

"न्हाई नंदे," मी म्हटलं. "म्या मारली. काठीनं. बघून मारली."

दादाचा हात थांबला. नंदानं माझ्याकडं बघितलं, मग बापाच्या बोटाकडं, मग पुन्हा माझ्याकडं. आणि तिनं गिटार दोन्ही हातांनी धरून आपल्याकडं ओढून घेतली. पलीकडं धप् पडलं, पुन्हा पडलं. मी माझा हात पाठीमागं घेतला.

मग ती पोरगी, गिटार तशीच छातीशी धरून, म्हणाली, "आत्या, मंग तुला ठावं आसंल. ती करंगळी कुटं ठिवली हुती त्यांनी?"

मी दादाकडं बघितलं. त्यानं मान डोलावली, अगदी थोडी. मी पाठीमागचा हात पुढं आणला, नंदाची करंगळी धरली आणि तारेवर नेऊन ठेवली. दुसरी तार, तिसरं घर.

"हितं," मी म्हटलं. "हितंच हुती. दाब."